पार्लरच्या उजेडात सिल्व्हिया प्लाथ

आमच्या रात्रमहाविद्यालयात दिवसभर काम करून आलेली माणसं शिकायला बसतात. त्या संध्याकाळी अमेरिकन कवयित्री सिल्व्हिया प्लाथची ‘मिरर’ घेतली होती. अठरा ओळींची कविता, आणि बोलतो तो आरसाच. मी रुपेरी आहे, अचूक आहे, माझ्या मनात कुणाबद्दल पूर्वग्रह नाही, असं सुरुवातीलाच सांगून टाकतो. गाइडमध्ये यावर ठरलेलं उत्तर असतं: आरसा प्रामाणिक, बाई भित्री.

मागच्या बाकावरून, पन्नाशी ओलांडलेल्या आणि स्वतःचं ब्युटी पार्लर चालवणाऱ्या ताई म्हणाल्या, “मॅडम, आरसा एकटा काय दाखवणार? दाखवतो तो उजेड.”

डोक्यावर ट्यूबलाइट असली की डोळ्यांखाली सावली पडते, नाकाशेजारच्या रेघा खोल दिसतात. तीच बाई, तोच आरसा, पण आरशाच्या दोन्ही बाजूंना पिवळे दिवे लावले की चेहरा भरतो. “म्हणून गिऱ्हाईक खुर्चीत बसायच्या आधी मी वरची ट्यूब बंद करते.”

मी त्यांना दुसरं कडवं दाखवलं. तिथे आरसा स्वतःला तळं म्हणतो; त्यात वाकून बघणारी बाई मग मेणबत्त्यांकडे, चंद्राकडे वळते आणि आरसा त्यांना खोटारडे म्हणतो. “म्हणणारच,” ताई म्हणाल्या, “ती त्याला आपल्यासमोरच हवीय.” पुढच्याच ओळींत तो तिचे अश्रू, तिच्या हातांची तगमग बक्षीस म्हणून घेतो आणि तिला आपण फार महत्त्वाचे आहोत असंही सांगतो. ज्याला असं बक्षीस लागतं, तो निःपक्षपाती कसला? मी ही कविता अशीच वाचत आले आहे, पण इतका रोकडा पुरावा वर्गात कुणी दिला नव्हता.

शेवटी भयंकर माशासारखी रोज वर येणारी म्हातारी आली, तेव्हा कवयित्रीचं वय विचारलं गेलं. कविता ऑक्टोबर 1961ची. प्लाथला 29 पूर्ण व्हायला थोडेच दिवस होते.

“अठ्ठावीस? तरीच. म्हातारपण लांबून असंच दिसतं.”

मग मला राहवलं नाही. अभ्यासक्रमात नसलेली, इंग्रज कवी-कादंबरीकार टॉमस हार्डीची ‘आय लुक इन्टू माय ग्लास’ वाचून दाखवली. 1898च्या ‘वेसेक्स पोएम्स’ या संग्रहातली, हार्डी तेव्हा 58चा. आरशात त्यालाही झिजलेली कातडी दिसते, पण तक्रार उलटी: काळजही असंच आटलं असतं तर बरं झालं असतं! काळ थोडं चोरतो, थोडं मागे ठेवतो, आणि संध्याकाळच्या नाजूक कुडीला भर दुपारची धडधड हलवून सोडते. ही शेवटची ओळ वाचताना आजही माझा आवाज कापतो.

ताईंनी ती पुन्हा वाचायला लावली. “साठीच्या बायका लिपस्टिक हातात धरून हळूच विचारतात, ‘शोभेल ना गं?’ हे तेच आहे.”

कुरिअरचं काम करणारा एक मुलगा मात्र अडून बसला. “ताई, लांबून दिसतं म्हणून भीती खोटी नसते. माझे केस पंचविशीतच चाललेत.”

“खोटी कोण म्हणतंय? माझ्याकडे आरशासमोर रडतात त्या बहुतेक तिशीच्या आतल्याच.”