पीटीचे सर

आज सकाळी भाच्याला घेऊन विहिरीवर गेलो, तर काठावर आमचे पीटीचे सर! रिटायर होऊन जमाना झाला, पण शिट्टी अजून गळ्यात. भाच्याच्या पाठीला डबा बांधला, गाठ दोनदा ओढून बघितली आणि म्हणाले, "आधी तोंड पाण्यात घालून श्वास सोडायला शीक. हातपाय मागनं."

तालुक्याच्या स्पर्धांना पोरं नेताना एसटीचं भाडं सर खिशातून भरायचे, हे आम्हाला फार उशिरा कळलं. आपल्या कोल्हापूरच्या वीरधवल खाडेनं २०१० च्या एशियाडमध्ये ५० मीटर बटरफ्लायला ब्राँझ मिळवलं, तेव्हा पेढे वाटत फिरणारेही तेच. (उशिरा येणाऱ्यांना उठाबशा काढायला लावणारेही तेच!)

उद्या साडेपाचला बोलावलंय. भाचा खूश, माझी झोप गेली.