कांद्याची पट्टी आणि घरातली वही

२०२३ च्या फेब्रुवारीत आमच्या कांद्याची शेवटची पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाची चिठ्ठी, आली, त्या रात्री घरात कोणी मोठ्याने बोलले नाही. मुलांचे पप्पा सोलापूरच्या बाजारातून साडेनऊला परतले, खिशातली पट्टी काढून त्यांनी फळीवरच्या डब्याखाली ठेवली आणि ते हातपाय धुवायला गेले. एका एकरातला ६८ क्विंटल कांदा दोन खेपांत गेला होता. हमाली, तोलाई आणि मोटारभाडे वजा होऊन हातात २१,४०० रुपये आले होते, आणि रोप टाकल्यापासून पात कापून पिशव्या भरेपर्यंत आमचा खर्च झाला होता ५२,६०० रुपये. मुलगी तेव्हा चौथीत होती. तिने विचारले, "आई, किती आले?" मी म्हटले, "तू झोप, सकाळी शाळा आहे."

पाच-सहा दिवसांनी तिच्या बाई वाटेत भेटल्या आणि त्या सहज म्हणाल्या की, हिला गाडी लागते हे आम्ही आधी कधी सांगितले नव्हते. शाळेची सहल नळदुर्गचा किल्ला आणि तुळजापूर पाहायला जाणार होती, माणशी ४५० रुपये होते, आणि माझ्या मुलीने घरी एक शब्द न काढता "मला गाडी लागते, मी येत नाही" असे शाळेत सांगून टाकले होते. तिला गाडी कधीच लागलेली नाही. त्याच महिन्यात बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याला ५१२ किलो कांदा सोलापुरात विकून सगळी कपात होता २ रुपये ४९ पैसे उरल्याची आणि २ रुपयांचा धनादेश मिळाल्याची बातमी सगळीकडे आली होती. तीही तिने शाळेत वाचली होती. संध्याकाळी मी भाकरी थापत असताना ती चुलीजवळ येऊन बसली आणि म्हणाली, "आपल्याला त्यांच्यापेक्षा जास्तच आले असतील ना?" दहा वर्षांची मुलगी माझी समजूत काढत होती. आकडा मी तिच्यापासून लपवला होता, काळजी मात्र तिच्यापर्यंत पोहोचली होती, आणि आकडा माहीत नसल्यामुळे ती काळजी किती मोठी समजायची हे तिचे तिलाच ठरवावे लागले होते.

त्या रात्री आम्ही दोघांनी ठरवले की, शेतीचा हिशेब यापुढे मुलांसमोर मांडायचा.

आमची शेती मोहोळ तालुक्यात, सीना नदीपासून जरा वरच्या अंगाला, साडेतीन एकर. एक विहीर, एक बोअर, दोन गाई, चार-पाच उस्मानाबादी शेळ्या. एक एकर कांदा, दीड एकर ज्वारी, उरलेल्यात तूर आणि जनावरांची वैरण. घरात आम्ही दोघे, सासूबाई आणि दोन मुले. मुलगा मुलीपेक्षा तीन वर्षांनी लहान. हिशेब पूर्वीही होता, पण तो यांच्या डोक्यात, दुकानदाराच्या उधारीच्या वहीत आणि कॅलेंडरच्या चौकटींत विखुरलेला होता. आम्ही शंभर पानी वही आणली आणि रविवारी संध्याकाळी धार काढून झाल्यावर सगळ्यांनी बसायचे, असे ठरवले.

सासूबाईंना हे अजिबात पटले नाही. "लेकरास्नी असलं कशाला दावायचं? रातीची झोप उडंल त्यांची," असे त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या म्हणण्यामागे अनुभव होता. १९७२ च्या दुष्काळात त्या दहा वर्षांच्या होत्या. आई-वडील दुष्काळी कामावर खडी फोडायला जात, मुलांना सुकडी हा कोरडा पौष्टिक खाऊ मिळे आणि घरात परदेशातून आलेल्या मिलो ज्वारीच्या लाल भाकरी होत. त्यांचे वडील काही लपवत नसत. रोज संध्याकाळी ते सांगत की, आज इतके मिळाले आणि उद्याचे काही खरे नाही. "आमी भावंडं निम्मी भाकर तशीच ताटात ठिवायचो, बाला पुरावी म्हणून," असे सासूबाई सांगतात, तेव्हा आजही त्यांचा आवाज बदलतो.

त्यांच्या या बोलण्याने मी बरेच दिवस अडून राहिले. माझ्या मुलीने घरच्यांच्या गप्प बसण्यामुळे सहल सोडली होती आणि सासूबाईंनी वडिलांच्या सांगण्यामुळे भाकरी सोडली होती. मग सांगायचे की नाही? विचार करता लक्षात आले की, त्यांच्या वडिलांनी नसलेल्या गोष्टींची यादी रोज सांगितली, पण त्यावर आपण काय करणार आहोत हे सांगितले नाही. कदाचित त्या वर्षी सांगण्यासारखे काही नसेलही. म्हणून आमच्या वहीत 'जमा' आणि 'खर्च' यांच्या शेजारी तिसरा रकाना आखला, 'पुढे काय', आणि तो भरल्याशिवाय वही मिटायची नाही, असा नियम केला. कांद्याच्या त्या पानावर पहिल्यांदा लिहिले गेले: दुधाच्या पगारातून दुकानदाराची उधारी दर दहा दिवसांनी थोडी थोडी फेडायची, पुढच्या वर्षी कांदा एक एकराऐवजी पाऊण एकर, पीककर्जाचे व्याज वेळेत भरायचे. मुलगी ते वाचून म्हणाली, "म्हणजे उपाय आहे." त्या वर्षीची सहल तोवर जाऊन आली होती, ती गोष्ट मला अजून टोचते.

वहीने मुलांना गणित शिकवले, असे मी म्हणणार नाही. गणित शाळेत शिकवतात. वहीने आम्हा मोठ्यांना प्रश्न विचारले, हे जास्त खरे आहे. पहिला प्रश्न ज्वारीचा होता. आम्ही मालदांडी पेरतो. तिची 'एम ३५-१' ही निवड आमच्याच मोहोळच्या संशोधन केंद्रावर झाली, याचा इथल्या माणसांना अभिमान आहे. ज्वारी काढली की वर्षाची घरात ठेवतो आणि उरलेली विकतो. वहीत फक्त विकलेली ज्वारी जमेला धरली जात होती. मुलीने विचारले, "आपण खातो ती फुकट आहे का?" विकत घ्यावी लागली असती तर पैसे गेलेच असते, हे तिचे म्हणणे बरोबर होते, पण ती कोणत्या दराने लिहायची यावर दोन रविवार गेले. शेवटी सरकार जो दर जाहीर करते तो धरायचा, असे ठरले. २०२४-२५ च्या हंगामाला मालदांडीचा हमीभाव क्विंटलला ३,४२१ रुपये होता. घरी ठेवलेल्या सात क्विंटलचे २३,९४७ रुपये झाले. तो आकडा पाहून सासूबाई पहिल्यांदा वहीजवळ सरकल्या. कडब्याच्या पेंढ्या किती झाल्या, शेकड्याला काय भाव चालला आहे आणि गाईंना उन्हाळाभर किती लागतील, हे त्यांच्या तोंडपाठ होते, आणि त्या दिवसापासून कडब्याचे पान त्याच सांगतात व मुलगा लिहितो.

दुसरा प्रश्न मला जास्त लागला. २०२४ च्या कांद्याला भाव बरा मिळाला आणि खर्च वजा जाता ४४,००० रुपये उरलेले दिसत होते. आम्ही खुशीत होतो. मुलगी लागणीचे आणि खुरपणीचे पान उलटून पाहत होती. बाहेरून आलेल्या बायकांचा रोज, म्हणजे दिवसाची मजुरी, लिहिलेला होता, ३०० रुपयांप्रमाणे. तिने विचारले, "आईचा रोज कुठे आहे? आज्जीचा?" कोणी काही बोलले नाही. कृषिखर्च व मूल्य आयोग पिकाचा खर्च काढताना रोख खर्चात घरच्या माणसांच्या श्रमांचे मोल मिळवतो, आणि 'सी-२' म्हणतात त्या पूर्ण खर्चात स्वतःच्या जमिनीचा खंड (भाडे) व भांडवलावरचे व्याजही धरतो, हे मी कॉलेजात शिकले होते, परीक्षेत लिहिलेही होते, पण माझ्याच घराच्या वहीत माझे दिवस लिहायचे मला सुचले नव्हते. आम्ही आठवून आठवून दिवस मांडले: माझे ४१, यांचे ३७, सासूबाईंचे १८. आता दर कोणता? बाईला ३०० आणि गड्याला ५०० हा तेव्हा गावातला चालू रोज होता. मुलगा म्हणाला, "आई पप्पांच्या आधी रानात जाते, मग तिला कमी का?" यांनी थोडा वेळ विचार केला आणि सांगितले की, आपल्या घरातल्या सगळ्यांचा रोज एकाच दराने लिहू, चारशेने. ९६ दिवसांचे ३८,४०० झाले, आणि ४४,००० मधले ५,६०० उरले.

तो रविवार जड गेला. ज्या कांद्याला आम्ही चांगले वर्ष म्हणत होतो, त्यात आमच्या मजुरीपलीकडे जवळजवळ काही नव्हते, आणि हमीभावाच्या यादीत कांदा नसल्यामुळे पुढच्या वर्षी तेवढेही मिळेल याची खात्री नव्हती. पण माझे ४१ दिवस कागदावर आले, तेही माझ्या मुलीच्या अक्षरात. पुढच्या महिन्यात हे स्वतःहून तलाठ्यांकडे गेले आणि १९९२ पासून चालत आलेल्या लक्ष्मी मुक्ती योजनेखाली सातबाऱ्यावर माझे नाव लावण्याचा अर्ज देऊन आले. मी त्यांना तसे कधी म्हटले नव्हते.

मुलांच्या कामाचा रोज मात्र आम्ही लिहीत नाही, आणि हे जाणून ठरवलेले आहे. ती शेळ्यांना पाला टाकतात, अंडी गोळा करतात, सुट्टीच्या दिवशी कांद्याची गोलटी, म्हणजे लहान कांदे, निवडतात. फवारणीच्या जवळ त्यांना फिरकू देत नाही, विहिरीच्या कठड्यापलीकडे जाऊ देत नाही, आणि शाळेच्या दिवशी अर्ध्या तासापेक्षा जास्त काम सांगत नाही. त्यांचे काम हिशेबात आले तर घर त्यावर विसंबू लागेल, एखाद्या अडचणीच्या वर्षी मजूर लावण्याऐवजी दोन दिवस शाळा बुडवणे स्वस्त वाटू लागेल, ही भीती मला आहे. वही खरी असावी, पण काही गोष्टी वहीच्या बाहेरच राहाव्यात.

मुलाचे पान शेळ्यांचे. एका शेळीला दोन करडे झाली, एक मादी आणि एक नर, आणि नराचे नाव त्याने काळू ठेवले. माद्या ठेवायच्या, बोकड विकायचे, हे आम्ही त्याला पहिल्याच दिवशी सांगितले होते आणि ते 'पुढे काय' या रकान्यात लिहिलेही होते. काळू त्याच्या मागे रानभर फिरायचा, शाळेच्या फाटकापर्यंत जायचा. २०२४ च्या जून महिन्यात, बकरी ईदच्या आधी, सोलापूरहून गिऱ्हाईक आले आणि १४,५०० ला सौदा ठरला. मुलाला आजोळी पाठवून द्यावे, असे यांचे मत होते, माझे नव्हते. तो थांबला. त्याने स्वतः दावे सोडून दिले, टेम्पो वळणाआड जाईपर्यंत तो उभा होता आणि मग कडब्याच्या गंजीमागे जाऊन रडला. मी त्याच्याजवळ बसले. बोलण्यासारखे माझ्याकडे काही नव्हते. रविवारी त्याने वही घेतली आणि जमेच्या बाजूला लिहिले, 'काळू, १४,५००'. त्याच पैशांतून गोठ्यावर नवे पत्रे पडले. तेव्हापासून तो मादी करडांची नावे ठेवतो आणि बोकडांची ठेवत नाही. हे चांगले झाले की वाईट, मला अजून ठरवता आलेले नाही, आणि त्याला आजोळी पाठवायला हवे होते का, हा प्रश्नही माझ्या मनातून गेलेला नाही.

२०२५ च्या सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सीनेला पूर आला. नदीकाठच्या लोकांची माती खरवडून गेली, घरात पाणी शिरले. त्या मानाने आम्ही वरच्या अंगाला असल्याने वाचलो, पण रानात पंधरा दिवस पाणी साचून राहिले. कांद्याचे रोप सडले, तूर जागेवर सुकली आणि वाफसा (पेरणीजोगी ओल) नसल्यामुळे ज्वारीची पेरणी ऑक्टोबर संपेपर्यंत लांबली. त्या रविवारी वही उघडावी असे मलाच वाटत नव्हते. सासूबाईंनी ती फळीवरून काढली आणि मुलीच्या पुढ्यात ठेवली. "लिव्ह. कितीबी गेलं असलं तरी लिव्ह," असे त्या म्हणाल्या. खर्चाची बाजू भरली, जमेची कोरी राहिली, आणि 'पुढे काय' लिहायला पाऊण तास लागला: कांदा या वर्षी नाही, त्या रानात हरभरा, वैरण विकत घ्यावी लागू नये म्हणून एक गाय विकायची की नाही, ते दिवाळीनंतर ठरवायचे.

मुलगी आता सातवीत आहे. परवाच्या रविवारी सगळे लिहून झाल्यावर तिने खर्चाच्या बाजूला अगदी खाली एक ओळ वाढवली, 'शाळेची सहल, ९०० रुपये', तिच्यापुढे प्रश्नचिन्ह काढले आणि वही आमच्याकडे सरकवली. आम्ही तिघांनी दुधाच्या पगाराचे पान पाहिले. मग सासूबाईंनी तिच्या हातातला पेन घेतला. त्यांना सहीपुरतेच लिहिता येते. त्यांनी त्या प्रश्नचिन्हावर आडवी रेघ मारली आणि पेन तिला परत दिला.