परदेशातलं घर: पैसे पाठवण्याआधी
सर्वात मोठा धोका म्हणजे विक्रेत्यानेच सुचवलेला वकील. फी तुम्ही भरता, काम तो बिल्डरचं पाहतो. वकील स्वतः शोधा, त्याची सनद तिथल्या वकील परिषदेच्या यादीत तपासा. मालकीचा उतारा विक्रेत्याकडून घेऊच नका. भूनोंदणी कार्यालयातून ताजा काढून मालकाचं नाव आणि गहाण बघा. बांधकाम सुरू असेल तर पैसे फक्त प्रकल्पाच्या एस्क्रो खात्यात (बिल्डरला मनमानी काढता येत नाहीत, फक्त त्या प्रकल्पासाठीच वापरता येतात असं राखीव खातं) भरा; दुबईत २००७च्या कायद्याने ते बंधनकारकच आहे. ऐनवेळी ‘खातं बदललंय’ असा ईमेल आला तर थांबा. वकिलाच्या जुन्या, खात्रीच्या नंबरवर फोन करा. ईमेलमधल्या नंबरवर कधीच नाही. आणि बिल्डर कबूल करतो ते ‘हमखास भाडं’? बऱ्याचदा ते फुगवलेल्या किमतीतून तुमचेच पैसे परत देणं असतं.