युक्रेनमध्ये युद्धगुन्ह्यांच्या नोंदी करायला येणाऱ्या वकिलांसाठी

भारतातली सनद युक्रेनच्या कोर्टात चालत नाही, हे आधीच लक्षात घ्या. युद्धगुन्ह्यांचे खटले इथलेच सरकारी वकील चालवतात, बहुतेक फौजदारी संहितेच्या कलम 438 खाली. बाहेरून आलेल्याच्या वाट्याला नोंदीचं काम येतं, आणि ते दुय्यम नाही. ओलेक्सांद्रा मात्विचुक वकीलच आहेत. त्यांच्या ‘सेंटर फॉर सिव्हिल लिबर्टीज’ला 2022 चं शांततेचं नोबेल विभागून मिळालं, त्यामागे युद्धगुन्ह्यांच्या नोंदी होत्या.

नागरी विमानं 24 फेब्रुवारी 2022 पासून बंद आहेत. बहुतेक जण पोलंडमधल्या प्शेमिशलहून कीव्हला रेल्वेने येतात.

इथे सर्वात जास्त नुकसान अति उत्साहामुळे होतं. घर पडलेल्या माणसाला पत्रकार विचारतात, दोन-तीन संस्था विचारतात, मग पोलीस. प्रत्येक जबाबात वेळ थोडी बदलते, एखादा तपशील गळतो, आणि उलटतपासणीत तेवढंच पुरतं. शिवाय त्या माणसाला तो दिवस पुन्हा पुन्हा जगावा लागतो. म्हणून पहिला प्रश्न हाच: हे आधी कुणाला सांगितलंय का? सांगितलं असेल तर कुणाला आणि कधी, एवढं लिहून थांबा. नसेल, तर नाव, संपर्क, घटनेच्या वेळी ती व्यक्ती कुठे होती आणि तपास यंत्रणेशी बोलायची तयारी आहे का, एवढं घ्या. मुलांचा किंवा लैंगिक अत्याचार सोसलेल्यांचा सविस्तर जबाब आपण घ्यायचाच नाही. युरोजस्ट (युरोपीय संघाची न्यायसहकार्य संस्था) आणि हेगमधल्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाच्या अभियोक्ता कार्यालयाने 2022 मध्ये काढलेल्या मार्गदर्शिकेचा रोखही हाच आहे.

संमती एकगठ्ठा घेऊ नका. युक्रेनचे सरकारी वकील, हेगचं न्यायालय, प्रसिद्धी, प्रत्येकासाठी वेगळं विचारा. सूचक प्रश्न टाळा. ‘रशियन सैनिक होते’ हा निष्कर्ष झाला. दंडावरची पट्टी कोणत्या रंगाची होती, गाडीवर कोणतं अक्षर होतं, हा पुरावा. ईशान्येला खार्किव्हकडे बरेच लोक रशियन बोलतात. जबाब त्यांच्याच भाषेत लिहा आणि दुभाष्याचं नावही नोंदवा.

जागेची पाहणी पंचनाम्यासारखी, पण मुद्देमाल न उचलता. खार्किव्हच्या साल्तिव्का भागातली बहुमजली इमारत असेल तर आधी रस्ता आणि इमारतीचा क्रमांक दिसेल असा लांबून फोटो, मग चारही बाजू, शेवटी भोक किंवा खड्डा, शेजारी मोजपट्टी ठेवून. उत्तर दिशा लिहा. क्षेपणास्त्राच्या तुकड्याला हात लावू नका. स्फोटाचा धोका असतो आणि पुराव्याची साखळीही तुटते. बचाव सेवेच्या 101 क्रमांकावर कळवा. त्याच जागी काही मिनिटांत दुसरा मारा होऊ शकतो, त्यामुळे बचाव पथकाने परवानगी दिल्याशिवाय आत जायचं नाही. नाके, सैनिक, हवाई संरक्षण फोटोच्या चौकटीत येऊ देऊ नका. लष्करी ठिकाणांची माहिती पसरवल्यास युक्रेनच्या फौजदारी संहितेचं कलम 114-2 लागू शकतं. पण जवळपास लष्करी ठिकाण असेल तर ते गोपनीय टिपणात लिहाच. जिनिव्हा करारांच्या 1977 च्या पहिल्या अतिरिक्त प्रोटोकॉलचं कलम 52 नागरी वास्तू आणि लष्करी लक्ष्य यांत फरक करतं. गैरसोयीची गोष्ट गाळलेली नोंद पहिल्याच हरकतीला कोसळते.

फोटो व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवला की दाबला जातो, वेळ आणि जागेची माहिती पुसली जाते. मूळ फाइल तशीच ठेवा, त्याच दिवशी शा-256 हॅश (फाइल जराही बदलली तर बदलणारा अंकी ठसा) काढून लिहा, काम प्रतीवर करा. नावांची यादी नोंदींत साक्षीदारांसाठी वापरलेल्या सांकेतिक क्रमांकांपासून वेगळी, कुलूपबंद ठेवा.

कागदपत्रांतली मदत फारशी कुणाला दिसत नाही, पण लोकांना खरी गरज तिचीच असते. युद्धातल्या नुकसानीचे दावे नोंदवणाऱ्या, युक्रेनसाठीच्या आंतरराष्ट्रीय नुकसान नोंदवहीत 2 एप्रिल 2024 पासून ‘दिया’ या सरकारी अॅपमधून दावे घेतले जातात, आणि दावा मालकाने स्वतः भरायचा असतो. अडचण जुन्या घरांची. मालमत्तेची इलेक्ट्रॉनिक नोंद 2013 पासूनची. त्याआधीचे हक्क तांत्रिक नोंदणी कार्यालयाच्या, म्हणजे ‘बेतेइ’च्या, कागदी दप्तरात असतात. वयस्कर मालकासोबत स्थानिक वकिलाला पाठवून तो उतारा काढून घ्या आणि हक्काची नवी नोंद करून घ्या, मगच दाव्याकडे वळा.