लांब टाळकी दोन, टोपी एकही नाही

जपानमधल्या कानाझावाच्या आमच्या लिलावघरात त्या दिवशी कुतानीचं, म्हणजे तिथल्या रंगीत नक्षीच्या चिनीमातीचं, एक ताट तपासायला आलं. व्यास 30 सेंटिमीटर, लाल-सोनेरी काम, मधोमध खजिन्याचं जहाज आणि त्यात सात भाग्यदेव. बुडाला लाल अक्षरांत ‘दाइ निप्पोन कुतानी’. सोबत मालकाची चिठ्ठी: मेइजी काळ (1868–1912), अखंड.

मी आधी देव मोजतो. एबिसूकडे गळ आणि ताई मासा, दाइकोकूकडे हातोडा, बिशामोनकडे भाला, होतेईचं सुटलेलं पोट, बेन्तेनच्या हाती बिवा हे तंतुवाद्य. (दाइकोकू मूळचा आपला महाकाल, बिशामोन कुबेर, बेन्तेन सरस्वती. सातांत अस्सल जपानी एकटा एबिसू.) उरले दोन म्हातारे, आणि दोघांचीही टाळकी लांबुडकी! तसलं टाळकं फुकुरोकुजूचं. जुरोजिनला सहसा टोपी असते आणि शेजारी हरीण. इथे हरीण होतं, टोपी नव्हती. या दोघांची सरमिसळ जुने चित्रकारही करायचे, तेव्हा एवढ्यावरून काही ठरत नाही. पण हरणाशेजारचं ते डोकं ऐन काठाला होतं, आणि ताटाचा टवका उडतो तो काठालाच.

बोटाने वाजवलं तर आवाज खणखणीत. तडा असता तर बद्द वाजलं असतं, पण नुसता टवका भरलेला असेल तर आवाज फसवतो. दहापट भिंगाखाली मूळ दाढीचा प्रत्येक फटकारा निमुळता होत गेलेला दिसला. त्या टाळक्याची रेघ मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच जाडीची. कुतानीचे रंग सुमारे 800 अंशांना भाजून वरच्या काचेसारख्या लेपात मुरवतात. टवक्यात भरलेलं इपॉक्सी (कृत्रिम राळ) त्या आचेत जळून जाईल, म्हणून दुरुस्तीवाला थंडाच रंग लावतो.

दिवे बंद करून 365 नॅनोमीटरचा अतिनील टॉर्च मारला. काठाशी 34 मिलिमीटरची चंद्रकोर दुधी निळी चमकली: भरलेलं इपॉक्सी.

मालकाला फोन करून परवानगी घेतली आणि ॲसिटोन या द्रावकात जेमतेम ओलावलेला कापूस चंद्रकोरीच्या आतल्या टोकाला टेकवला. भाजलेला लाल रंग उतरत नाही. कापूस लाल झाला. सोन्याकडे मात्र बोळा नेला नाही. ते कमी आचेवर बसवलेलं असतं, नुसत्या घासण्यानेही जातं.

दुरुस्तीवाल्याने रंग टवक्याच्या बाहेर, चांगल्या भागावरही फासला होता. तो निघाल्यावर खाली दोन मिलिमीटरची पट्टी दिसली: केसासारख्या लाल रेघांची जाळी. टोपीची मागची कड.

कॅटलॉगात ‘अखंड’ खोडलं, टवक्याचं माप लिहिलं आणि देवाचं नाव जुरोजिन.