पट्टा पडल्यानंतरचे पंधरा दिवस

१४ मार्च

कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे यंदाचं उसाचं गाळप संपलं. आता बीड जिल्ह्यातल्या धारूर, वडवणी, केजकडच्या वाड्यावस्त्यांवर रोज एखाददुसरा ट्रॅक्टर येऊन थांबेल. ट्रॉलीत भांडीकुंडी, ताडपत्री, सरपण, पाय बांधलेल्या कोंबड्या आणि त्या पसाऱ्यावर बसलेली माणसं. दिवाळीच्या मागेपुढे, पोरं आजीजवळ ठेवून ऊसतोडीला गेलेली. पाच महिने म्हणजे तीन वर्षांच्या पोराच्या आयुष्याचा सातवा हिस्सा.

आई उतरते, हात पसरते आणि पोरगं आजीच्या पदराआड जातं. पहिली चूक इथंच होते. कुणीतरी हसत हसत त्याला ओढून आईच्या कडेवर देतं, "आईला वळखलं न्हाई व्हय रं?" म्हणतं. पोर ताठ होतं, किंचाळतं, आईचं तोंड उतरतं. त्याच्यापुढं उभी असते ती उन्हानं रापलेली, वाळलेली बाई. अंगाला पाचटाचा आणि चुलीच्या धुराचा वास. गेली तेव्हा ती अशी नव्हती.

आईनं खाली बसावं. हाताला काम घ्यावं, शेंगा फोडाव्यात नाहीतर लसूण सोलावा. पोराकडं टक लावून बघू नये, आजीशी बोलत राहावं. चेहरा बदललेला असला तरी फोनवरचा आवाज त्याच्या ओळखीचा असतो. म्हणून फोनवर रोज जे विचारायची तेच आधी विचारावं, "जेवला का रं माझा राजा?" एखादं पोर घटकाभरात शेंगेला हात घालतं, एखाद्याला दोन दिवस लागतात. आणलेला खाऊ पहिल्यांदा आजीच्या हातून द्यावा. आजीला चालतं ते पोराला चालतं.

१५ मार्च

रात्र जड जाते. पाच महिने पोर आजीच्या कुशीत निजलेलं. आल्या रात्रीच "आता आईजवळ झोप" म्हणून अंथरूण हलवलं की सगळं घर जागं. पहिल्या दोनतीन रात्री आजी मधे, पोर तिच्या पलीकडच्या अंगाला, आई अलीकडं. मग पोर मधे. मग आजीनं हळूच कड घ्यावी, पण त्याच खोलीत. आईच्या जुन्या साडीची वाकळ जाताना घरी ठेवली असेल तर हे काम निम्मं झालेलं असतं. ती वाकळ मात्र आल्या आल्या धुवायला काढू नये.

जेवणाचंही तसंच. आजी दुधात भाकरी कुस्करून देत असेल तर आईनंही त्याच ताटलीत, तशीच कुस्करावी. "म्हातारीनं लाडावून ठेवलंय" हे वाक्य पंधरा दिवस तरी कुणी तोंडातून काढू नये. ते पोराला कळतं आणि म्हातारीला लागतं.

१७ मार्च

अंगावर पिणारं लेकरू उसाच्या फडावर बरोबर गेलेलं असतं, थोरलं घरी राहिलेलं. परत आल्यावर थोरल्याला दिसतं काय, तर आईच्या मांडीवर दुसरंच कुणीतरी बसलंय. चिमटे, ढकलाढकली, बोलायला लागलेल्या पोराचं पुन्हा बोबडं बोलणं आणि बंद झालेलं अंथरूण ओलं करणं सुरू होतं. मारून काही उपयोग नाही. धाकटं निजलं की थोरल्याला एकट्याला अर्धा तास द्यावा, रोज, ठरल्या वेळी.

धाकट्याला आठवड्याच्या आत अंगणवाडीत न्यावं. वजन करून घ्यावं, दंडाला पट्टी लावून घ्यावी. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंड ११.५ सेंटिमीटरच्या आत भरला तर तीव्र कुपोषण, त्याच दिवशी आरोग्य केंद्र गाठायचं. ११.५ ते १२.५ च्या मधे असेल तरी लक्ष हवंच. लसीचं कार्डही बरोबर असू द्यावं. नऊ महिन्यांनंतरचा गोवर-रुबेलाचा डोस आणि सोळा ते चोवीस महिन्यांतले डोस नेमके फडावर असताना चुकतात.

२३ मार्च

आठवडाभरानं चित्र उलटतं. दूर पळणारं पोर आता आईला सोडत नाही. परसाकडला गेली तरी मागं. लंडनच्या इस्पितळांत आईबापांपासून दूर राहिलेली मुलं मुलांच्या मनाचा अभ्यास करणाऱ्या जेम्स रॉबर्टसन आणि जॉन बोल्बी यांनी १९५० च्या आसपास पाहिली होती. आधी आकांत, मग मलूलपणा, मग तुटकपणा, असा क्रम त्यांनी मांडला. पदराआड जाणं हा त्यातला तुटकपणा. तो उतरला की दाबून ठेवलेला आकांत वर येतो. म्हणजे हे चिकटणं बिघाड नव्हे, गाडी रुळावर येतेय. पण नेमकी हीच वेळ मुकादमाकडच्या, म्हणजे तोडीला माणसं नेणाऱ्या ठेकेदाराकडच्या हिशेबाची. उचल, म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे, फिटली नसेल तर बाप आधीच तापलेला, त्यात हे रडं.

बाजाराला जाताना चोरून निघू नये. "शेळ्या घरी येतील तवा येते" असं सांगून जावं आणि शेळ्यांच्या आधी परत यावं.

२ एप्रिल

धाकट्यांना सांभाळणारी आठनऊ वर्षांची पोर कुणाच्या ध्यानात येत नाही. पाच महिने घरातली चावी तिच्याकडं होती. आई आली की तिचं ऐकणं बंद होतं, भांडी मात्र तिच्याकडंच राहतात. ती अबोल होते आणि लोक म्हणतात, शहाणी झाली. तिची परीक्षा याच महिन्यात असते. लग्नं-जत्रांसाठी तिला शाळेतून उचलू नये आणि पाणी भरायचं काम तरी आईनं आल्या दिवशीच तिच्याकडून काढून घ्यावं.

दिवाळीनंतर पुन्हा जायचंच आहे. पोर निजल्यावर निघून जाणारे पुष्कळ. त्या पोराला पुढं झोपेचीच भीती बसते, रात्री उठून ते अंथरूण चाचपतं. उजेडी, सांगून, रडू देऊन निघावं. परतायची तारीख मात्र सांगू नये. पट्टा कधी पडेल ते उसावर. संक्रांत, मग होळी, मग आम्ही, एवढं पुरतं.