कोपऱ्यातला छोटा फळा

स्मरणिकेसाठी लिहा, असा निरोप आला आणि डोळ्यांसमोर आधी आल्या त्या आमच्या संगणकाच्या बाई. उपकार सगळ्याच शिक्षकांचे आहेत; पण माझं मन जिन्याखालच्या प्रयोगशाळेतून बाहेरच पडत नाही.

बाईंनी जावा या प्रोग्रामिंगच्या भाषेतली अ‍ॅरेलिस्ट, म्हणजे वस्तूंची यादी ठेवायची सोय, शिकवली. साध्या अ‍ॅरेला, म्हणजे ओळीने मांडलेल्या खणांना, जागा किती लागणार ते आधीच सांगावं लागे. ही मात्र ‘अ‍ॅड’ करत गेलं की वाढायची. जागा संपली की आतल्या आत साधारण दीडपट मोठा अ‍ॅरे तयार होतो आणि जुनं सगळं त्यात उतरवलं जातं, हे बाईंनी वहीत चौकोन काढून दाखवलं होतं. जावा 5 मध्ये 2004 साली जेनेरिक्स, म्हणजे यादीत कोणत्या प्रकारच्या वस्तू असतील ते आधीच सांगायची सोय, आले, पण आमच्या यंत्रांवर आधीची आवृत्ती होती. ‘गेट’ने बाहेर काढलेली वस्तू कोणत्या क्लासची, म्हणजे प्रकारची, हे दर वेळी कंसात लिहावं लागे.

एकदा मी वर्गातल्या 40 जणांची यादी केली. ‘साइझ’ 40 आला. छापून पाहते तर चाळीसही ओळींत शेवटच्या मुलीचंच नाव! घंटा झाली, मी रडकुंडीला आले. बाई थांबल्या. कोपऱ्यातल्या छोट्या फळ्यावर त्यांनी एक नाव लिहिलं आणि मला म्हणाल्या, “वहीत लिही: ‘फळा पाहा’.” नाव पुसलं, दुसरं लिहिलं. “पुन्हा लिही: ‘फळा पाहा’.” असं पाच वेळा. मग म्हणाल्या, “आता तुझी पहिली ओळ वाच आणि फळ्यावर कोण आहे ते सांग.”

फळ्यावर पाचवं नाव होतं. यादीत वस्तू नसते, तिचा पत्ता असतो, हे त्या क्षणी कळलं. नवी वस्तू तयार करणारं ‘न्यू’ मी लूपच्या, म्हणजे पुन्हा पुन्हा चालणाऱ्या ओळींच्या, बाहेर एकदाच लिहिलं होतं. ती ओळ आत घेतली आणि चाळीसही जण आपापल्या जागी आले. बाईंनी काही न बोलता दिवे मालवले.

आज मी सॉफ्टवेअरमध्ये एका गटाची प्रमुख आहे. नव्याने आलेल्या मुलांकडून हीच चूक होते, तेव्हा मी कागद पुढे ओढून तेच पाच वेळा करायला लावते. हल्ली यंत्रच चूक दुरुस्त करून देतं. चुकीपाशी अर्धा तास बसणं उरलं नाही, याचं वाईट वाटतं.

बाईंना हे कधी सांगितलं नाही. नव्या प्रयोगशाळेत फळा नाही, असं ऐकलं. कोपऱ्यात एक छोटासा तरी लावा. त्याचा खर्च मी देईन.